हायस्कुलात पोरं काय काय करतात?



एक दिवस संध्याकाळी आम्ही पारावर बसलो होतो. ओळखीचे एक शेतकरी आले. बाजूला टेकले. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "गुरुजी, एक विचारू का? आमची पोट्टी हायस्कुलात जाते. सोमवारी म्हणे खो-खो. बुधवारी म्हणे गाईड. शनिवारी म्हणे झाडं लावाची. मंग शिकते कवा? पोट्टी शाळेत शिकाले जाते का खेळाले?"

प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. आणि तो एकट्या त्यांचा नाही. पुष्कळ आईबापांच्या मनात तो असतो. पण विचारायचं कुणाला? मास्तरांना विचारायला संकोच वाटतो. पोरांना विचारलं तर ती धड सांगत नाहीत.

म्हणून आज आपण हायस्कुलात एक फेरी मारू. वर्गात काय शिकवतात ते पुस्तकात छापलेलंच आहे. वर्गाबाहेर मुलं काय करतात, कशासाठी करतात आणि त्यात आईबापांचं काम कोणतं, एवढंच आज बघू. अशा वर्गाबाहेरच्या कामांना शाळेच्या भाषेत 'उपक्रम' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. शाळेच्या चिठ्ठीत तो पुन्हा पुन्हा येतो.

शाळा कुणाची?

वाशीम शहर आता पहिल्यासारखं राहिलं नाही. लाखाळ्याकडे, हिंगोली रोडला, पुसद नाक्याच्या पुढं वस्ती वाढत गेली. काल जिथं वावर होतं, तिथं आज प्लॉट पडले. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या गावांचंही तसंच आहे. अशा गावाच्या टोकाला एखादं हायस्कूल असतं. त्यात निम्मी पोरं गावातली आणि निम्मी आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांवरची. कुणी सायकलनं येतं, कुणी एस.टी.नं, कुणी पायी.

आपल्याकडे हायस्कुलं मुख्यतः दोन तऱ्हेची आहेत. काही शिक्षण संस्थांनी काढलेली आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. शेतकऱ्यांची पोरं शिकावीत हा त्यांचा ध्यास होता. त्यातून विदर्भात ठिकठिकाणी शाळा उभ्या राहिल्या.

दुसरी हायस्कुलं जिल्हा परिषदेची. जिल्ह्याचा कारभार जिल्ह्यातल्या लोकांच्या हाती द्यावा, असं ठरवण्यासाठी १९६० साली एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते वसंतराव नाईक. ते आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. पुढं १९६३ साली ते मुख्यमंत्री झाले. त्या समितीच्या सांगण्यावरून कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या वेळी आपण अकोला जिल्ह्यात होतो. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा झाला.

आपण सहज म्हणून जातो, "शाळा सरकारची आहे." पण ही शाळा लोकांच्या पैशानं चालते. आपण साखर घेतो, खत घेतो, तेव्हा कुठं ना कुठं कर भरतोच. म्हणून शाळेत काय चाललं आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला. त्याप्रमाणे सरकारी शाळेत पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. समितीत चारांपैकी तीन जण पालक असतात. समितीत निम्म्या बाया असाव्यात, असंही कायदा सांगतो. तिथं बसायला कोणतीही पदवी लागत नाही.

परिपाठ

आपल्याकडचं ऊन कडक. म्हणून विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. शाळा उघडली की रोज पहिलं काम परिपाठाचं.

घंटा होते. सगळी मुलं मैदानावर रांगेत उभी राहतात. राष्ट्रगीत होतं, प्रतिज्ञा होते, राज्यघटनेची प्रास्ताविका वाचतात. मग एक मुलगा पुढं येऊन बातम्या वाचतो. एक मुलगी चार ओळींची गोष्ट सांगते. मास्तर बाजूला उभे असतात. बोलायचं मुलांनीच.

दोनतीनशे मुलांसमोर उभं राहायचं म्हणजे पहिल्या दिवशी पाय लटपटतात. आवाज घशात अडकतो. दुसऱ्या खेपेला थोडा निघतो. वर्षभरात भीती मोडते. आपण मोठी माणसं तहसील कचेरीत गेलो की खिडकीपाशी अडखळतो. बँकेत साहेबानं दोन प्रश्न विचारले की उत्तर सुचत नाही. ही भीती आपल्या पोरांना राहू नये, म्हणून परिपाठ.

खो-खो

आता त्या शेतकरी दादांच्या खो-खोकडे वळू. हा खेळ आपणही खेळलो आहोत. पण शाळेत तो नियमानं खेळतात. संघात बारा जणी. त्यांतल्या नऊ मैदानात. आठ जणी एका ओळीत बसतात. एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. ती दमली किंवा गडी दुसऱ्या बाजूला गेला, की ती बसलेल्या मुलीला पाठीमागून 'खो' देते. जिला खो मिळाला तिनं उठून पळायचंच. "आज माझं मन नाही" असं म्हणता येत नाही. आणि जिनं खो दिला तिनं तिच्या जागेवर निमूट बसायचं. आपली पाळी आली की जीव तोडून धावायचं आणि पाळी संपली की दुसरीला जागा द्यायची. घरात आणि गावात हेच तर लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ, पुरुषांचा आणि बायांचा, जिंकले. दोन्ही संघांचे कप्तान महाराष्ट्राचे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपली सगळी पोरं काही विश्वचषक खेळणार नाहीत. पण तालुक्याला, जिल्ह्याला खेळायला जातील. ज्या पोरीनं कधी एकटीनं बाजारही पाहिला नाही, ती मैत्रिणींबरोबर आणि बाईंबरोबर दुसऱ्या गावी जाऊन खेळून येते. येताना तिची मान थोडी वर झालेली असते.

स्काऊट आणि गाईड

मुलांसाठी स्काऊट, मुलींसाठी गाईड. १९०७ साली इंग्लंडात बेडन पॉवेल नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं वीस मुलांना घेऊन एका बेटावर शिबिर भरवलं. तिथून ही चळवळ निघाली. आपल्या देशात ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही एकच संस्था झाली.

तिथं शिकवतात काय? तंबू ठोकणं, चूल मांडून स्वयंपाक करणं, जखम बांधणं आणि गाठी मारणं. तुम्ही म्हणाल, गाठ मारायला का शिकवावं लागतं? लागतं. एक गाठ आपण आत्ताच मारून बघू. फडक्याची दोन टोकं घ्या. पहिल्यांदा उजवं टोक डाव्यावर घेऊन पीळ द्या. मग तेच टोक, जे आता डाव्या हातात आलं, ते पुन्हा वर घेऊन दुसरा पीळ द्या. गाठ चपटी बसेल. ती टोचत नाही आणि सोडवायलाही सोपी. म्हणून जखमेची पट्टी अशी बांधतात. चुकून दुसऱ्यांदा उलट टोक वर घेतलं तर गाठ आडवी बसते आणि सुटून जाते. पण ही गाठ पट्टीसाठीच वापरायची. विहिरीत बादली सोडायला ती वापरू नये. तिथं भरवसा नाही. कोणत्या कामाला कोणती गाठ, हे कळणं म्हणजेच शिकणं.

काही हायस्कुलांत एन.सी.सी.ही असते. ती १९४८ साली सुरू झाली. त्यात कवायत, शिस्त आणि शिबिरं असतात. पोलीस किंवा सैन्यात जायची इच्छा असलेल्या मुलामुलींना तिचा उपयोग होतो.

शाळेचं मंत्रिमंडळ

पुष्कळ शाळांत मुलं आपलं मंत्रिमंडळ निवडतात. कागदाच्या चिठ्ठ्या करतात, पेटी ठेवतात, बोटाला शाई लावतात. मुख्यमंत्री निवडतात. कुणी आरोग्यमंत्री, कुणी पाणीमंत्री, कुणी क्रीडामंत्री.

हा नुसता भातुकलीचा खेळ समजू नका. आरोग्यमंत्र्यानं नखं तपासायची. पाणीमंत्र्यानं टाकी धुतली का ते पाहायचं. आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचं जेवण शाळेत मिळतं. ते नीट शिजलं का, हातं धुऊन बसले का, हेही कुणीतरी बघतं. काम केलं नाही तर बाकीची मुलं जाब विचारतात. "तू निवडून आलास, मग टाकी का धुतली नाहीस?" हा प्रश्न लहानपणी विचारायची सवय लागली, तर मोठेपणी ग्रामसभेत तोंड उघडतं.

शाळेतला प्रयोग, वावरातला फायदा

आता एक उपक्रम असा सांगतो की त्याचा फायदा सरळ आपल्या वावरात दिसतो.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा. पुष्कळ जण घरचंच बी पेरतात. पेरल्यावर बी उगवलं नाही तर दुबार पेरणी. बी गेलं, मजुरी गेली, दिवस गेले. हे टाळायला उगवण तपासतात. विज्ञानाच्या तासाला मुलं हा प्रयोग सहज करू शकतात. उन्हाळी सुटी लागायच्या आधी शिक्षकांनी तो करून घ्यावा.

घरच्या बियाण्याच्या पोत्यातून वरून, मधून, खालून थोडं थोडं बी घ्यायचं. त्यातले शंभर दाणे मोजायचे. चांगले चांगले निवडायचे नाहीत. जसे हाताला आले तसे घ्यायचे. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा. त्यावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून हलक्या हातानं गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज थोडं पाणी शिंपडायचं. पाणी तुंबू द्यायचं नाही. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडायची आणि चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे.

शंभरातले सत्तर किंवा जास्त उगवले तर बी पेरणीजोगं आहे. सत्तरच्या खाली आले तर एकरी बियाणं वाढवावं लागतं. फारच कमी उगवले तर ते बी पेरू नये. आणि बी कितीही चांगलं असलं तरी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये.

यात मुलगा काय शिकला? शंभरातले सत्तर म्हणजे सत्तर टक्के. पुस्तकातली टक्केवारी त्याला गोणपाटावर दिसली. आणि बापाला कळलं की पोराच्या शिकण्याला वावरात किंमत आहे.

दुसरंही एक काम मुलं करतात. नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांवरच्या निरक्षर माणसांना त्यात लिहा-वाचायला शिकवतात. शिकवायला स्वयंसेवक असतात आणि त्यांत शाळेतली मुलंही असतात. हा पाठ वाचणाऱ्यांपैकी कुणाला पहिलं अक्षर आपल्याच नातीनं गिरवून दिलं असेल. तोही शाळेचा उपक्रमच.

मार्कांचं काय?

"हे सगळं खरं गुरुजी, पण मार्कांचं काय?" असंही विचारतात. त्याचंही उत्तर आहे.

दहावीला भाषेच्या विषयाचे १०० गुण असतात. त्यांतले ८० लेखी पेपराचे. बाकीचे २० तोंडी आणि शाळेतल्या कामाचे. ज्या मुलाचं तोंड परिपाठात उघडलं, त्याला ते २० जड जात नाहीत. खेळात जिल्ह्याच्या, राज्याच्या पातळीपर्यंत गेलेल्या मुलांना दहावीला सवलतीचे गुण मिळतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन सरकारी परीक्षा असतात. त्या पास होणाऱ्यांनाही जादा गुणांची सवलत आहे.

आठवीत एक परीक्षा असते. तिचं लांब नाव आहे 'राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती'. शाळेत तिला थोडक्यात एन.एम.एम.एस. म्हणतात. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर बसता येतं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. मूल आठवीत गेलं की शाळेत जाऊन या परीक्षेचं अवश्य विचारा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. दहावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. शाळा शंभर दिवस भरली तर पंचाहत्तर दिवस पोर शाळेत पाहिजे. सोयाबीनच्या सोंगणीला पंधरा दिवस, तुरीला आठ दिवस, पाहुण्याच्या लग्नाला आठ दिवस, असं करत गेलो तर हिशेब चुकतो.

शाळेचंही चुकतं

सगळं शाळेचंच बरोबर आणि आईबाप चूक, असं आम्ही म्हणत नाही. कुठं पाहुण्यांच्या स्वागताला पोरांना तासन् तास उन्हात उभं करतात. हा उपक्रम नव्हे. कुठं स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी महागडे कपडे आणायला सांगतात आणि गरिबाचं पोर मागं राहतं. कुठं तेच ते दहा हुशार चेहरे दर वेळी पुढं असतात आणि बाकीचे नुसते टाळ्या वाजवतात. असं दिसलं तर शाळेत जाऊन नम्रपणे, पण स्पष्ट बोलावं.

मुलीला उशीर होत असेल तर तेही विचारावं. किती वाजता सुटणार? बरोबर कोणत्या बाई आहेत? गाडी कोणती? हे विचारण्यात काही गैर नाही. गावाकडच्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला-यायला एस.टी.चा पास मोफत मिळतो. खेळाचा सराव एस.टी.ची वेळ पाहून ठेवा, असंही शाळेला सांगता येतं.

आमची एक चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगितली पाहिजे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आम्ही एका खेड्यातल्या सातवीपर्यंतच्या शाळेचे हेडमास्तर होतो. आमच्या हातून शिकून गेलेली एक मुलगी हायस्कुलात नववीत होती. अभ्यासात बेताची, पण पळायला वाऱ्यासारखी. खो-खोच्या संघात तिची निवड झाली. तालुक्याला सामने होते. शाळेनं संमतीची चिठ्ठी घरी पाठवली.

बापाला वाचता येत नव्हतं. मुलीनं चिठ्ठी वाचून दाखवली. बापाला खरं वाटेना. त्याला वाटलं, पोरगी मनचं वाचते. तो चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आला. आम्ही वाचून दाखवली. मजकूर मुलीनं सांगितला तोच होता, अक्षरानं अक्षर. मग त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमी सांगा. पाठवू का नको?"

दिवस सोंगणीचे होते. आम्ही म्हणालो, "घरचं काम पाहा. खेळ काय, पुढच्या वर्षीही होईल." एवढंच बोललो.

त्यानं चिठ्ठीवर अंगठा उठवला नाही. मुलगी सोंगणीला गेली. सोंगणी संपली तरी ती शाळेत गेली नाही. पुढचं वर्ष आलं. सामने झाले. त्यात ती नव्हती. काही दिवसांनी तिचं लग्न झाल्याचं कळलं. तेव्हा आमच्या ध्यानात आलं. गणितासाठी ती शाळेत जात नव्हती. खो-खोच्या ओढीनं जात होती आणि जाता जाता गणितही शिकत होती. ती ओढ आम्ही तोडली. बाप बिचारा विचारायला आला होता. आम्ही शिकलेले असून आम्हाला कळलं नाही.

कोणतं मूल कशाच्या ओढीनं शाळेत टिकेल, हे आधी सांगता येत नाही. एखादं चित्रासाठी येतं, एखादं ढोल वाजवायला मिळतो म्हणून येतं, एखादं झाडाला पाणी घालायला येतं. शाळेत ते आलं पाहिजे, म्हणजे अभ्यासही होतो.

चिठ्ठी आली तर

हल्ली अशी चिठ्ठी तुमच्याही घरी येईल. ती साधारण अशी असते:

संमतीपत्र
माझी मुलगी / माझा मुलगा ............ इयत्ता ...... ही / हा दिनांक ............ रोजी ............ येथे होणाऱ्या ............ स्पर्धेसाठी जाणार आहे. जाण्याची वेळ ...... परत येण्याची वेळ ...... सोबतचे शिक्षक ............ यास माझी संमती आहे.
पालकाची सही ............

ही चिठ्ठी आता तुम्हाला वाचता येते. दुसऱ्याकडे घेऊन जायचं काम नाही. मोकळ्या जागा भरलेल्या आहेत का, ते आधी पाहा. वेळ लिहिलेली नसेल तर शाळेला विचारा. शिक्षकाचं नाव नसेल तर ते लिहून मागा. मग पोरीला समोर बसवा आणि विचारा, "तुले जायाचं हाय का?" तिचं ऐका. आणि खाली अंगठा उठवू नका. सही करा.

पारावर आलेल्या त्या दादांना आम्ही हे सगळं सांगितलं. ते उठले. धोतर झटकलं. म्हणाले, "मंग येत्या सोमवारी मीच जाऊन पाहतो, कशी पळते ते." आम्ही म्हणालो, "जा. आईलाही घेऊन जा."

विचार करा आणि सांगा

१. उपक्रम म्हणजे काय? आपल्या शाळेत कोणते उपक्रम चालतात?
२. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या गावचे कोण कोण आहेत? त्यांत बाया किती?
३. शंभर दाण्यांपैकी ६४ उगवले. बी तसंच पेरावं का? काय करावं?
४. शाळा २०० दिवस भरली. ७५ टक्के हजेरी म्हणजे किती दिवस?
५. वरचं संमतीपत्र आपल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव घालून वहीत उतरवा. खाली आपली सही करा.